कादंबरीची नोंदवही : नववे प्रकरण आणि १७७२ ची दिवाळी

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे कादंबरीचे नववे प्रकरण दिवाळीच्या पहाटेपाशी अडले होते. या महिन्यात ते पूर्ण झाले, पण त्यासाठी सुमारे सहा हजार शब्द लिहून त्यांतले अडीच हजार खोडावे लागले. जे खोडले ते जवळजवळ सगळे माझ्या आजीच्या आठवणींमधून आलेले होते आणि जे टिकले त्यातलेही बरेचसे तिचेच आहे. म्हणून ही निवड कशी झाली ते आपल्यासारख्या फावल्या वेळच्या लेखकांसाठी जरा सविस्तर लिहितो.

प्रकरण शके १६९४ मधले, म्हणजे इसवी सन १७७२ मधले आहे. पुण्यातल्या एका कारकुनाचे घर आहे आणि थोरले माधवराव पेशवे थेऊरला आजारी आहेत. त्यांचा मृत्यू १८ नोव्हेंबरला, कार्तिक वद्य अष्टमीला झाला. त्यामुळे वेगळे पंचांग न शोधताही तिथी मागे मोजल्या की लक्ष्मीपूजनाची अमावास्या त्याआधी तेवीस तिथींवर येते, आणि ती दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस पडते हे कळते. त्या काळच्या मराठी कागदांत सन मात्र शुहूर, म्हणजे मृगापासून सुरू होणारा आणि अरबी शब्दांत लिहिलेला येतो : ‘सलास सबैन मया व अलफ’, म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७३. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सुरुवातीला मी सरसकट ६०० मिळवत होतो, त्यामुळे माझा कारकून कित्येक महिने एक वर्ष पुढे जगत होता.

पहिली कात्री साबुदाण्याला लागली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी रमा एकादशी येते, आणि आमच्या घरी त्या दिवशी फराळाच्या पिठांची दळणे चालू असताना आजी खिचडीवर दिवस काढत असे. ते दृश्य मी जसेच्या तसे कारकुनाच्या आईला दिले होते. पण आज आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने १९४० च्या दशकातले. दोन पाने गेली. कारकुनाची आई आता वरीचे तांदूळ खाते. चहाही गेला, त्याचे मला विशेष दुःख नाही. ऐतिहासिक पात्राला सकाळी हातात धरायला काहीतरी द्यावे ही आपल्या सगळ्यांचीच खोड आहे.

काडेपेटीने मात्र मला खरोखर अडवले. पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी पाणी तापवायचे तर चूल पेटली पाहिजे, आणि घासून पेटणारी काडी इंग्लंडातसुद्धा १८२० च्या दशकापर्यंत नव्हती. चकमकीने ठिणगी पाडण्याचे वर्णन लिहून पाहिले, पण ते नाटकी झाले. तेव्हा आजीचे एक वाक्य आठवले. लहानपणी मी तिला विचारले होते की काडेपेटी संपली तर तुम्ही काय करत होता. ती म्हणाली होती, “अरे, विस्तव विझू द्यायचाच नाही. रात्री राखेखाली निखारा पुरायचा, आणि विझलाच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचं.” आता माझ्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते. कारकुनाची सून अंधारात चुलीतली राख बोटांनी बाजूला करते, खाली काहीच लाल दिसत नाही, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, घरातले कोणी उठायच्या आत, तिला गोवरी घेऊन शेजारच्या दारात उभे राहावे लागते. आजीची ही आठवण दीडशे वर्षे मागे नेताना तिला कुठे धक्कासुद्धा लागला नाही.

खर्चाचा भाग लिहिताना आमच्या घरातल्या मोडी रोजकीर्दीचा, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचा, आधार घेतला. ती शके १८०४, चित्रभानुनाम संवत्सराची, म्हणजे कादंबरीच्या काळानंतर एकशेदहा वर्षांची आहे. म्हणून तिच्यातले भाव मी वापरत नाही. कोणत्या जिन्नसावर जास्त खर्च होतो आणि कशावर कमी, एवढेच प्रमाण घेतो. मोडी शिकणाऱ्यांसाठी एक चूक सांगून ठेवतो. दिवाळीच्या पानावरची बेरीज ७।, म्हणजे सव्वासात रुपये, आणि माझी मात्र ६॥।, म्हणजे पावणेसात, येत होती. तीन संध्याकाळी मी आकडे पुन्हा पुन्हा लावले. शेवटी दोष तेलाच्या ओळीत सापडला. तिथल्या दोन उभ्या रेघा मी ‘रा॥’ मध्ये असते तशी संक्षेपाची खूण समजून सोडून दिल्या होत्या. प्रत्यक्षात तो अर्धा रुपया होता. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घ वेगळे दाखवत नाहीत, तेव्हा अशी चूक होणारच. पण बेरीज ही वाचनाची उत्तम तपासणी आहे, आणि ती लिहिणाऱ्यानेच आपल्यासाठी करून ठेवलेली असते.

याच पानाने घरातल्या एका दंतकथेलाही हात घातला. दिवाळीला आमच्याकडे शंभर पाने उठत, असे आत्या आजही ठासून सांगते. रोजकीर्दीत पत्रावळी चाळीस आहेत. आत्याला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “उरलेल्या साठ घरातच लावल्या असतील.” यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि तसे घडलेही असेल. मी यातून स्वतःपुरता एक नियम केला आहे : निवेदनात चाळीस पाने, आणि कारकुनाच्या म्हाताऱ्या चुलत्याच्या तोंडी शंभर. तो चुलता त्यामुळे एकाएकी जिवंत झाला. आधी तो नुसता ओसरीवर बसलेला असे.

संवादांची भाषा अजून जमलेली नाही. कागदांतली ‘बितपशील’, ‘निसबत’ ही फारसी वळणाची भाषा कारकुनाच्या तोंडी कचेरीत शोभते, पण घरात तो तसे बोलला की हसू येते. घरातल्या बायकांचे बोलणे कागदांवर फार कमी उतरले आहे, तिथे मी आजीचा लहेजा ठेवला आहे आणि तो बदलणार नाही.

आता दहावे प्रकरण घेतले आहे. थेऊरची बातमी पुण्यात पोहोचते तो दिवस त्यात आहे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने आटोपलेली असतात, त्यामुळे बातमी येते तेव्हा अंगणातल्या वृंदावनाला बांधलेला उसाचा मांडव आठवडाभर तरी जुना असणार. तो मांडव तोवर ठेवत होते की पोरे लगेच ऊस सोडून खात होती, हे आत्याला विचारायचे आहे. या वेळी ती सांगेल तो आकडा आधी लिहून घेईन आणि रोजकीर्द नंतर उघडेन.