बोअर घ्यायचा का नाही, हे देवाला विचारताना

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज दिवसभर लू होती, पंखा लावला तरी गरमच हवा फेकतोय, म्हणून ओट्यावर खाट टाकून मोबाईलवर हे लिहितोय. बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण जे लिहायला पाहिजे होतं ते टाळत होतो.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या अलीकडे, उत्तरेला सातपुडा दिसतो. तीन एकर वावर आहे, त्यात दोन एकर केळी. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची, लागण जूनमध्ये करायची तर पाण्याचा बंदोबस्त मे महिन्यातच करावा लागतो, कारण टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं एकदा बुक केली की ती काय थांबत नाहीत आणि केळीला पाणी आज नाही उद्या देऊ असं चालत नाही. गेली दोन वर्षं मी शेजारच्या वावरातून पाणी विकत घेतोय. या वर्षी त्यांचंच पाणी खाली गेलं, त्यांनी सरळ सांगितलं की भो, यंदा जमणार नाही. मग बोअर. फुटाचा रेट, केसिंग, सबमर्सिबल, केबल सगळं धरून अडीच लाखाच्या पुढे जातंय, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे, आणि एवढं करून खाली कोरडं लागलं तर?

म्हणून तीन आठवडे रोज पहाटे एकच प्रार्थना करत होतो. प्रभू, तुझी इच्छा काय ते मला दाखव. बोअर घेऊ का नको, आणि घेऊ तर कुठे.

गल्लीतल्या एकाने आपणहून पाणाड्याला आणलं होतं. म्हातारा माणूस, साधा, पैशाचा लोभी वगैरे अजिबात नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि वावरात चालायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. मी हात जोडून त्यांना सांगितलं, बाबा, आम्ही ख्रिस्ती लोक, आमच्यात हे चालत नाही, चहा घ्या आणि रागावू नका. ते रागावले नाहीत. मला मात्र त्या दिवशी मनातून बरं वाटलं, की मी देवालाच विचारणार, दुसऱ्या कशाला नाही.

आणि त्याच रात्री मी काय केलं तर पवित्र शास्त्र मांडीवर घेतलं, डोळे मिटले, मध्येच कुठेतरी उघडलं आणि बोट ठेवलं. यशयाचा ४३ वा अध्याय निघाला, अरण्यात वाट आणि ओसाड रानात नद्या करीन म्हणतो ते वचन. अंगावर काटा आला. मला वाटलं झालं, उत्तर मिळालं. तरी खात्री करावी म्हणून दुसऱ्या रात्री परत तसंच केलं तर यिर्मयाचा दुसरा अध्याय, माझ्या लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी फुटकी टाकी खोदली ज्यात पाणी राहत नाही. आता काय समजायचं? एका रात्री नदी, दुसऱ्या रात्री फुटकं टाकं. झोपच लागली नाही.

सकाळी मिसेसला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "त्या बाबांचा नारळ आणि तुमचं बोट, यात फरक काय आहे हो?" बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच विचारायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही. देवाचं वचन नारळासारखं वापरलं तर ते वचन राहतं का? यशया ज्यांना बोलत होता ते बाबेलच्या बंदिवासातले लोक होते, यिर्मया ज्यांना बोलत होता ते मूर्तींमागे गेलेले लोक होते, त्या दोघांपैकी कोणीच माझ्या गट नंबरबद्दल बोलत नव्हतं. हे मला माहीत आहे, मी स्वतः रविवारच्या शाळेत पोरांना शिकवतो. पण अडचणीत सापडलं की माणूस खूण शोधायला लागतो.

मग गिदोन आठवला, इस्राएलाला शत्रूंपासून सोडवायला देवाने बोलावलेला माणूस. आमच्याकडे कोणाला काही ठरवायचं असलं की गिदोनाची लोकर ठेवतात, म्हणजे देवाला म्हणायचं अमुक झालं तर हो, तमुक झालं तर नाही. माझ्या चुलतबहिणीचं लग्न असंच ठरलं होतं. मी शास्ते पुस्तकाचा सहावा अध्याय परत नीट वाचला. पहिल्या रात्री दहिवर फक्त लोकरीवर पडलं, पिळून वाटीभर पाणी निघालं, दुसऱ्या रात्री लोकर कोरडी आणि भुई ओली. पण लोकर ठेवण्याच्या आधीच देव त्याला बोलला होता! जा, तुझ्या हातून इस्राएलाची सुटका होईल, हे चौदाव्या वचनातच आहे. लोकर आहे शेवटी. म्हणजे गिदोन देवाची इच्छा शोधत नव्हता, ती त्याला कळलीच होती, त्याला ती करायची भीती वाटत होती. देवाने त्याची भीती समजून घेतली, रागावला नाही, हे देवाचं मोठेपण. पण मी इतकी वर्षं ती गोष्ट उलटी धरून बसलो होतो.

इथपर्यंत आलो आणि मनात एक प्रश्न उभा राहिला जो मला नको होता. मला आधीच कळलेलं असं काय आहे जे मी करत नाहीये?

आता खरं लिहितो. आमच्या वडिलांची विहीर आहे. मी आणि मोठा भाऊ, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, दोघांच्या वाट्यात, पाळीने पाणी घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाळीच्या रात्री मोटार जळाली. लाईट रात्रीची होती, फेज गेला असेल, मी स्टार्टरजवळ थांबलो नव्हतो, घरी येऊन झोपलो होतो. रिवाइंडिंगला सात हजार लागले, नाना म्हणाले अर्धे दे, आणि मी त्यावर त्यांना वडिलांच्या आजारपणावरून असं काही बोललो जे मला इथे लिहायचं धैर्य नाही. वहिनी समोर होत्या. त्या दिवसापासून मी विहिरीवर गेलो नाही. पाणी विकत घेतलं, पण गेलो नाही. गावात सगळ्यांना सांगत राहिलो की विहिरीला पाणीच राहिलं नाही आता.

दोन वर्षं. आणि या दोन वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतलं.

परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे भोजनाआधी स्वतःची परीक्षा करायला सांगितलं. हे शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. पण मत्तयाचं पाचवं अध्याय मनात आलं, की अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तिथे असं नाही म्हटलं की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. म्हणजे चूक ज्याची त्यानेच उठायचं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि मी ते तसंच पुढे दिलं. मिसेसने बघितलं. घरी येईपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

मला हे आता असं दिसतंय, चुकत असेन तर प्रभू दुरुस्त करो. देवाची इच्छा म्हणून शास्त्रात जे स्पष्ट लिहिलंय ते फार थोडं आणि फार सरळ आहे. पवित्र राहा, हे थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात, सर्व स्थितीत उपकार माना, हे पुढच्याच अध्यायात. नीतीने वाग, दया कर, देवासमोर नम्रपणे चाल, हे मीखाच्या सहाव्यात. बोअर घे का नको हे कुठेच नाही. त्याच्यासाठी त्याने डोकं दिलंय, अनुभवी माणसं दिलीत, भूजलवाल्यांना विचारायची सोय दिलीय, आणि याकोब म्हणतो ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने मागावं, देव दोष न लावता देतो. शहाणपण माग म्हणतो, खूण माग म्हणत नाही. प्रेषितांनी येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या होत्या हे खरं, पण ते पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी, आत्मा आल्यावर त्यांनी परत चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे दिसत नाही. प्रेषित पौलाला आशियात (तेव्हाचा रोमी प्रांत) वचन सांगायची मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, तरी तो एका जागी बसला नाही, चालत राहिला आणि त्रोवसात पोचल्यावर मासेदोनियाचा माणूस दृष्टान्तात दिसला.

पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच उपाशी गेले होते, भूक त्यांना माहीत होती. माझे पणजोबा छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या अनाथाश्रमात आले, पाच-सहा वर्षांचे असतील, आईबापाचं नाव सांगता येत नव्हतं. ज्या कोणी त्यांना आत घेतलं त्यांनी त्या रात्री खूण मागितली असेल असं मला वाटत नाही. दारात उपाशी पोर उभं होतं.

मंगळवारी घरच्या उपासनेत क्रमाने वाचत आलो तर उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय होता. (इथे बोट ठेवलेलं नाही, पोरीने खूण घातलेली तीच जागा.) इसहाकाच्या बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या त्या त्याने परत उकरल्या. पुढे नवीन खोदल्या त्यावर गुराख्यांनी भांडण केलं, तो सोडून पुढे गेला, परत खोदली, परत भांडण, परत पुढे गेला. पहिल्यांदा मला वाटलं हे तर माझ्याच बाजूचं आहे, भांडण नको म्हणून दुसरीकडे खोदायचं. पण इसहाक कोणाला टोचून बोलून निघाला नव्हता. आणि शेवटी ज्यांनी त्याला हाकललं तेच लोक आले तेव्हा त्याने त्यांना जेवू घातलं, शपथ घेतली, शांतीने वाटेला लावलं, आणि त्याच दिवशी नोकर येऊन म्हणाले, पाणी लागलं. मी याला माझ्यासाठीचं चिन्ह म्हणणार नाही. आता नाही. पण वाचताना आवाज थांबला माझा, उरलेला अध्याय पोरीने वाचला.

आज संध्याकाळी नानांकडे गेलो. घरापासून दीडशे पावलं असतील, पण दोनदा परत फिरलो. साडेतीन हजार रुपये पाकिटात घालून नेले होते. नाना ओसरीत बसले होते, दाढी वाढलेली, किती म्हातारे दिसायला लागलेत. मी म्हणालो, नाना, ते मी बोललो ते पाप होतं, माफ करा. आणि पाकीट दिलं. मला वाटलं होतं ते पैसे परत करतील, मिठी वगैरे मारतील. त्यांनी पैसे मोजले आणि खिशात ठेवले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बठ." आणि आत बघून, "चहा मांड व."

वहिनींनी चहा आणला, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल, ते बाकी आहे. केळीवरच्या करपा रोगाचं बोललो, रोपांच्या भावाचं बोललो, उठायच्या वेळी मी विहिरीचं विचारलं. नाना म्हणाले, "विहीरमा गाळ भरेल शे. दोन वरीस कोन उतरनं त्याम्हा." थोड्या वेळाने म्हणाले, "सकायले ये, देखूत."

बोअरवाल्याला सोमवारपर्यंत सांगायचंय. काय सांगणार ते अजून माहीत नाही, गाळ काढूनही पाणी पुरणार नाही असंच होऊ शकतं आणि मग कर्ज काढून बोअरच घ्यावा लागेल. मिसेसला म्हणालो तर ती म्हणाली, बघू, आधी सकाळी जाऊन तर या.

दोर नानांकडे आहे. मी बॅटरी चार्जिंगला लावलीय.