खुर्च्यांवर नंबर आमचाच : आमची वाटचाल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या आसपास एखाद्या लग्नात खुर्ची मोडली की फोन मला येतो. खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात आमच्या बिछायत केंद्राचं, म्हणजे मंडप, खुर्च्या, साउंड भाड्यानं देणाऱ्या दुकानाचं, नाव आणि माझा मोबाईल नंबर आहे. मी सांगतो, "भाऊ, त्या खुर्च्या आम्ही 2020 मध्येच विकल्या." फोनवरचा म्हणतो, "मग नाव काहून आहे तुमचं?" ते ज्यानं घेतल्या त्याला विचारा. रंगाचा डबा कितीला येतो हे सगळ्यांना माहीत आहे.

ज्यानं घेतल्या तो आमच्याच दुकानात घडला. नाव लिहीत नाही, आमच्या भागात लिहायची गरजही नाही. सब्बल कुठे मारायची, ओली जमीन असेल तर खुंटी किती तिरपी ठोकायची, कनातीची दोरी अशी कशी बांधायची की ओढ बसली तर आवळेल आणि सोडताना एका झटक्यात सुटेल, हे सगळं तो माझ्या हाताखाली शिकला. जेवायलाही आमच्याच घरी असायचा. मग कर्ज काढलं, टॉप-बेसचे डीजे स्पीकर आणले, रंगीत लाइट आणले आणि आमच्या दुकानासमोर बोर्ड लावला. शिकून कुणी मोठं व्हावं, त्याचं दुःख नाही. पण समोर?

आमचा धंदा धानावर चालतो. धान घरी आला की हातात पैसा येतो आणि भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य, सिंगाड्यांचे ढीग, माहेरी आलेल्या लेकी, रात्री नाटक. संक्रांतीच्या मागेपुढे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि पट तिथे रात्री पुन्हा नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत रोज वेगळ्या गावात. आमच्या या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला झाडीपट्टी दिसली. आमच्या पोरांनी त्या दिवशी गोडाउनमध्ये पेढे वाटले.

नाटकाचा साउंड लावणं हे लग्नात गाणी वाजवणाऱ्याचं काम नव्हे. स्टेजवर वरून सोडलेले माईक, खाली ऑर्गन आणि तबला, नट सारखा इकडून तिकडे. एक माईक जरा जास्त उघडला की शिट्टी. पहाटे चारला, थंडीत, घोंगडी पांघरून सगळ्यात मागे बसलेल्या म्हातारीला विनोद कळून हसू आलं पाहिजे. ती हसली तर साउंड बरोबर. माझा पहिला अहुजाचा अॅम्प्लिफायर मी एका टुरिंग टॉकीजवाल्याकडून जुनाच घेतला होता. पुढचं वाचाल तर कळेल तो किती दणकट निघाला.

मधली बरीच वर्षं बरी गेली. मुलीचं शिक्षण झालं, सामान न्यायला 407 ट्रक घेतली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पटाचं मात्र चालू-बंद, चालू-बंद असंच होतं. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि शर्यती पूर्ण बंद झाल्या. पटाचे आमचे भोंगे, खांब, लांबलचक लाइनची वायर, सगळं माळ्यावर गेलं. लोक म्हणाले, भंगारात दे. मी दिलं नाही. समोरच्याची नेमकी तेव्हाच चलती सुरू झाली, कारण गावात लॉन झाले, हळदीला डीजे आला, पोरांचे वाढदिवस रस्त्यावर होऊ लागले. गरबा, खेळ पैठणीचा, जिमचं उद्घाटन, सगळीकडे तोच.

इथे आमच्या गुरुजींबद्दल लिहिलंच पाहिजे. नदीकाठच्या एका गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. मी नवा होतो, कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा नाटकाची पहिली तारीख त्यांनी दिली आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही. घासाघीस मात्र अशी करत की घाम फुटावा. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री नोटा बंद झाल्या, मंडईचे ऐन दिवस. तिकीट खिडकीवर पाचशेच्या नोटा आल्या, त्या घ्यायच्या कशा आणि मला द्यायच्या कशा? दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी म्हणाले, "बापू, नोटा बंद झाल्या, धान थोडाच बंद झाला!" आणि आमच्या 407 मध्ये धानाचे कट्टे चढवले. एचएमटी होता. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं वाण, घड्याळाच्या नावाचं. त्या वर्षी आमच्या घरी भात बाजारातून आणावा लागला नाही. तेव्हा समोरचा काय करत होता? नवी नोट आणा, मगच बॉक्स उतरवतो, असं म्हणत होता.

आता 2020. मार्चच्या शेवटी लॉकडाउन लागलं तेव्हा लग्नाच्या सगळ्या तारखा गेल्या. पुढे परवानगी मिळाली ती पन्नास माणसांची. पन्नास माणसांना मंडप कशाला लागतो? अंगणात चादर टाकली की झालं. पोरांना मी निम्मा पगार देत होतो, तोही कर्जातून. आणि ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि पाणी गावागावांत शिरलं. आमचं गोडाउन नदीकडच्या गावात होतं, कारण तिथे जागा मोठी मिळाली होती. पाणी तिथे नुसतं शिरलं नाही, थांबलं. उतरल्यावर दार उघडलं तर गाद्या फुगून भिंतीला टेकलेल्या, सतरंज्यांवर पायाच्या घोट्यापर्यंत गाळ, बॉक्सच्या स्पीकरचे कागद गळालेले. जनरेटरच्या इंजिनात पाणी जाऊन तेलाचं ताक झालं होतं. पंचनाम्याला माणसं आली, घर लिहिलं, धान लिहिला, बैल लिहिला. कनाती आणि अॅम्प्लिफायर कोणत्या रकान्यात लिहायचे, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

गाद्यांचा कापूस गेला तो गेलाच. अॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर मात्र काढून 200 वॅटच्या बल्बांखाली पेटीत ठेवले, रात्रंदिवस, जोपर्यंत मेगरचा, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचा, काटा बरोबर दाखवत नाही तोपर्यंत. घाई करून भिजलेल्या यंत्राला करंट देणाऱ्यानं ते कायमचं घालवलं असं समजा. तो टुरिंग टॉकीजचा जुना अहुजा पहिला बोलला. नव्यातले दोन गप्पच राहिले. जनरेटरच्या अल्टरनेटरचं वाइंडिंग नव्यानं करायला रोख पैसे हवे होते, आणि पुरातून धडधाकट राहिलं काय, तर प्लास्टिकच्या खुर्च्या. समोरचा आला, दाराशीच उभा राहिला. दर ऐकून घरची म्हणाली, "यापेक्षा तर जाळून टाकू." पण जनरेटर नसेल तर नाटक नाही, खुर्च्या काय, भाड्यानं मिळतात. दिल्या.

त्याच आठवड्यात गुरुजी आले. त्यांच्याही घरात पाणी शिरलेलं. पुढचं नाटक कधी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी खिशातून इसार काढून ठेवला आणि म्हणाले, "तारीख मागाहून कळवू." पावतीही मागितली, गुरुजीच ते.

16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदाच कायम ठेवला. पट पुन्हा भरले. आता गंमत ऐका. पटाच्या लांब पट्ट्यावर शेवटच्या टोकाला उभ्या माणसाला जोडीचं नाव कळायला भोंगेच लागतात, ठरावीक अंतरावर, एका लाइनवर. डीजेचा बेस तिथे छाती हलवतो, शब्द पोचवत नाही. एका पटात तसा प्रयोग झाला, बैल बुजले, कमिटीनं मधेच बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी समोरचा भोंगे मागायला आमच्या दुकानात. माळ्यावरून उतरवून दिले. भाडं पूर्ण लावलं, इसार आधी घेतला, आणि प्रत्येक भोंग्यावर नंबर ताजा रंगवून दिला.

मंडळवाल्यांना दोन गोष्टी सांगून ठेवतो, विचारलं नसलं तरी. लाइनवर आकडा टाकू नका, महावितरण तात्पुरतं कनेक्शन देतं, ते घ्या, आणि अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोका, दगडात नको. कनात विजेच्या खांबाला बांधू नका, कुणी कितीही म्हटलं तरी. लाऊडस्पीकरची परवानगी ठाण्यातून आधी काढा. आदल्या रात्री पळापळ करून पोलिसांना दोष देऊ नका. आणि मंडपवाल्याचे पैसे नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्या. वर्गणी जमली नाही हे कारण आम्हाला पाठ झालं आहे.

या दिवाळीनंतरच्या तारखा लागायला सुरुवात झाली आहे. ज्यांना पटासोबत नाटकाचाही साउंड हवा त्यांनी दसऱ्याआधी सांगावं. इसाराशिवाय तारीख धरत नाही. गुरुजींच्या गावाला ही अट नाही, त्यांचा 2020 चा इसार अजून आमच्याकडे जमा आहे. गुरुजी वजा करू देत नाहीत.