मत्स्याचे बारा पत्ते : काम कुठवर आलं

बाराही पत्त्यांची कच्ची रेखाटनं झालीत, आकड्यांचे आठ पत्ते रंगवून तयार आहेत आणि पहिला छापील ताव हातात पडलाय. राजा आणि प्रधान अजून कच्च्या रेघेतच अडकलेत. मागच्या नोंदीत नुसती कल्पनाच होती, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: सावंतवाडीच्या गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाच्या पत्त्यांच्या) धाटणीचे गोल पत्ते मी डिजिटलमध्ये करतेय. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच असतात, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी असे १२ पत्ते, म्हणजे एकूण १२०. (मुघल गंजिफा आठ संचांचा, ९६ पानांचा.) सावंतवाडीत ही कला पार विझत आली होती, ती तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांच्या खटपटीने राजवाड्यात पुन्हा उभी राहिली. तिथले कलाकार आजही हाताने पत्ते रंगवतात. कागदाचे थर, चिंचोक्याची खळ, वर लाखेची चकाकी. माझे पत्ते म्हणजे गंजिफा नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. ज्याला खरा संच हवा असेल त्याने तो सावंतवाडीहूनच घ्यावा.

१२० पत्त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. फक्त मत्स्य, बारा पत्ते, विषय संपला. जुन्या संचांत आकड्यांच्या पत्त्यांवर एकाच ठशाचा मासा तितक्या वेळा येतो. माझी कल्पना एवढीच की प्रत्येक आकड्याला कोकणातल्या बाजारातला वेगळा मासा द्यायचा. आकडा वाढेल तसा मासा लहान होत जाईल, म्हणजे गोलातली जागा आपोआप भरेल.

एक्का पापलेट. महाराष्ट्राने २०२३ साली त्याला राज्य मासा केलं हा एक मान, पण खरं कारण त्याचा आकार. इतका गोलसर मासा दुसरा नाही, एकटाच अख्खा पत्ता भरून काढतो. दुर्रीवर सुरमई, दोघी शेपटीला तोंड लावून वळलेल्या. तिर्री रावस, चौव्वी हलवा, पंजी बांगडा. छक्कीवर मुडदुशी तीन-तीनच्या दोन ओळींत. सत्तीवर सौंदाळा, मधे एक आणि भोवती सहा, कारण सारख्या मापाचे सात आकार गोलात असे चपखल बसतात. नव्वीवर तारली तीन गुणिले तीन, दश्शीवर मांदेली तीन-चार-तीन.

अठ्ठी बोंबलांची, आणि ती माझी लाडकी. बोंबील वाळत घालताना दोघांच्या जबड्यात जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. चार जोड्या, एक आडवी दोरी. आठ मोजायलाच लागत नाहीत. हा पत्ता मी सगळ्यात कमी वेळात काढला. मांडणी किनाऱ्यावरच्या लोकांनी आधीच करून ठेवली होती, मला फक्त ती गोलात बसवायची होती.

पुढे कसं सरकलं

माझं मत ठाम झालंय: संच करायचा असेल तर एक पत्ता पूर्ण रंगवून मग दुसऱ्याला हात लावू नये. आधी बाराच्या बारा अगदी गबाळ्या रेघांत, मग बाराही सपाट रंगांत, मग बाराही बारकाव्यांत. पहिला पत्ता सुंदर झाला की उरलेले अकरा त्याच्या धाकात राहतात, आणि तो बदलायची वेळ आली तर हात उचलत नाही. इथे पाहा: छक्की आणि सत्ती शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की दोन्हीतले मासे डावीकडेच तोंड करून आहेत आणि लांबून एकसारखेच दिसतात. सत्तीतले भोवतालचे सहा मी चक्राकार फिरवले. दहा मिनिटांचं काम, कारण तेव्हा मासे म्हणजे नुसत्या पानाच्या आकाराच्या ढबू आकृत्या होत्या.

दुसरी गोष्ट मापाची. पत्त्याचा व्यास ७० मिलिमीटर. कापताना कडेला पांढरं दिसू नये म्हणून सगळीकडून ३ मिलिमीटर जास्तीचा रंग, म्हणजे फाइल ७६ मिलिमीटरची. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ती साधारण १७९५ पिक्सेल होते. पोस्टर करणाऱ्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण या एवढ्याशा फाइलीतही झूम करून खवल्यांत घुसण्याचा मोह सुटत नाही. मी कृतामध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडते, स्क्रीनवर पट्टी लावून ती बरोबर ७० मिलिमीटरवर आणते आणि कोपऱ्यात कायम ठेवते. मोठ्या खिडकीत काढायचं, निकाल छोट्या खिडकीत लावायचा. छोट्या खिडकीत दिसत नाही ते पत्त्यावर नाही.

या चाळणीतून काय टिकलं? बांगड्याच्या शेपटीजवळ वर-खाली पाच-पाच इवले पर असतात. ते टिकले, कारण बांगड्याची कडच त्यांनी करवतीसारखी होते. सुरमईच्या अंगावरचे उभे नागमोडी पट्टे टिकले. रावसाच्या छातीखालचे धाग्यासारखे चार तंतू टिकले, पण आहेत त्यापेक्षा जाड करून. खवले मात्र एकाही माशावर उरले नाहीत. फोटोंवरून काढलेली कल्ल्यांची बारीक नक्षीही गेली. बांगडा ओळखायला पाठीवरच्या गडद रेघा आणि पर पुरतात, बाजारात आपण तरी दुसरं काय बघतो?

कृतातली जुळवणी

हा भाग ज्यांना फक्त चित्रं बघायचीत त्यांनी सोडला तरी चालेल.

काठाची नक्षी बाराही पत्त्यांना एकच आहे. ती वेगळ्या फाइलीत ठेवली आणि प्रत्येक पत्त्यात फाइल लेयर म्हणून आणली. मूळ नक्षीत पाकळी जाड केली की बाराही पत्त्यांत ती जाड होते. संच करणाऱ्या कुणालाही मी सगळ्यात आधी हेच सांगेन.

माशांसाठी क्लोन लेयर. एक मूळ मासा काढायचा, त्याचे लागतील तेवढे क्लोन, आणि प्रत्येक क्लोनवर ट्रान्सफॉर्म मास्क लावून तो जागेवर फिरवायचा. मुळातल्या डोळ्याची जागा हलवली की सगळ्यांची हलते. मांडणी ठरेपर्यंत ही सोय सोन्यासारखी आहे. पण शेवटपर्यंत क्लोन ठेवले तर पत्ता रबरी शिक्क्याने मारल्यासारखा दिसतो, आणि हाताने रंगवलेल्या गंजिफात जी धुगधुगी असते ती नेमकी जाते. म्हणून मांडणी पक्की झाली की मी क्लोन मोडून साधे लेयर करते आणि प्रत्येक माशाची शेपटी, डोळा आणि पाठीची एक रेघ नव्याने हाताने ओढते. मांदेलीच्या दश्शीला यात बराच वेळ गेला, आणि तो दिसतो.

हाताची थरथर काढून रेघ गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर बंद ठेवलाय. काठाच्या गोलाला तो हवा, माशाला नको.

रंग

सातच रंग घेतलेत: कुंकवासारखा लाल, काळा, मोतिया, हळदी पिवळा, निळसर करडा, गर्द हिरवा आणि बोंबलासाठी फिका गुलाबी. गंजिफात प्रत्येक संचाची जमीन वेगळ्या रंगाची असते, त्यावरून हातातले पत्ते चटकन लावता येतात. मी लाल जमीन घेतली ती मांदेलीच्या सोनेरी पिवळ्यासाठी. त्या दोघांचं फार चांगलं जमतं.

हलव्याचं मात्र लालाशी जमेना. रंगात बघितलं तर काळपट मासा लालावर उठून दिसायचा. सगळ्यात वर रंग काढून टाकणारा फिल्टर लेयर ठेवला आणि मासा गायब! लाल आणि गडद करडा, दोन्हींचा काळोख जवळजवळ सारखाच. कमी उजेडात पत्ते खेळताना डोळ्याला असंच दिसणार. दोन उपाय होते: हलव्याभोवती मोतिया रेघ, नाहीतर हलवाच उजळ करायचा. रेघ दिली तर बाकी नऊ पत्त्यांनाही द्यावी लागली असती. म्हणून हलव्याचं पोट निळसर करड्यात उजळलं आणि गडद फक्त पाठ ठेवली. बाजारात ताजा हलवा नीट बघा, तो तसाही डांबरासारखा काळा नसतो.

पहिला ताव

डिजिटल छपाईला बारा बाय अठरा इंचाचा ताव मिळतो. त्यावर तीन गुणिले पाच असे पंधरा गोल बसतात, म्हणजे बारा पत्ते आणि तीन जागा शिल्लक. ३०० जीएसएम आर्ट कार्डवर छापून, मॅट लॅमिनेशन करून, गोल डाय (कापायचा साचा) मारून घेतले. राजा-प्रधानाच्या जागी नुसती रेखाटनं छापली.

लाल अपेक्षेइतका आला. स्क्रीनवरचा पेटलेला लाल कागदावर येत नाही हे माहीत असल्याने आधीपासूनच कृताचं सॉफ्ट प्रूफिंग (छापील रंग कसा येईल ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवून रंगवत होते, आणि लाल मुळातच मजेंटा १००, पिवळा ९०, निळा १० असा धरला होता. तारलीच्या पाठीवरचा हिरवा थोडा मळकट आलाय, तो उजळायचा आहे.

लालावरच्या मोतिया रेघांचा धडा मोलाचा आहे. लाल मुख्यतः दोन शाईंनी बनतो, त्या केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी मधली बारीक रेघ बुजते. ०.२ मिलिमीटरच्या रेघा भरून गेल्या. ०.३५ च्या स्वच्छ आल्या, ६०० डीपीआयला म्हणजे आठ पिक्सेल. आता त्याखाली ब्रश जातच नाही.

आणि काठ. चाचणीसाठी मी दोन प्रकारचे काठ छापले होते. एकात कडेपासून २ मिलिमीटर आत एक नाजूक पिवळं कडं, दुसऱ्यात कडेबाहेर जाणारा ५ मिलिमीटरचा रुंद पिवळा पट्टा. डाय मारताना १ मिलिमीटर सरकणं नेहमीचंच, त्यात छापखान्याला दोष देण्यासारखं काही नाही. पण नाजूक कड्यात एका बाजूला १ आणि समोर ३ मिलिमीटर उरतात, आणि गोल पत्त्यावर ते बघताक्षणी खुपतं. रुंद पट्ट्यात तेच ४ आणि ६ होतात. शिवाय पट्ट्याची आतली कड पाकळ्यांची केली, म्हणजे डोळा रुंदी मोजायच्या भानगडीत पडत नाही. चित्रकाराच्या हातातला पत्ता आधी कापलेला असतो आणि काठ नंतर येतो, म्हणून तिथे कितीही नाजूक कडं चालतं. आपलं उलट आहे, मग काठही वेगळा हवा.

उरलेलं

प्रधान घोड्यावर. जुन्या पत्त्यांत तो बहुतेक तसाच असतो आणि राजा बैठकीवर किंवा देवळीत. घोडा गोलात बसवणं सोपं जाईल असं दिसतंय, मान वळवली की गोल पूर्ण होतो.

राजा अवघड आहे. कमरेखाली मासा, वर चतुर्भुज विष्णू, चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. काठ जाऊन आतला गोल उरतो ६० मिलिमीटरचा. त्यात शेपटी, चार हात आणि मुकुट घातला की चेहऱ्याला ७ मिलिमीटर मिळतात, आणि रेघ ०.३५ च्या खाली न्यायची नाही हे आत्ताच ठरलं. डोळा, भुवई, ओठ आणि गंध एवढ्यात मावतं की नाही हे स्क्रीनवर कळणार नाही. पुढच्या तावावर त्या तीन मोकळ्या जागा आहेतच. तिथे ७, ९ आणि ११ मिलिमीटरच्या चेहऱ्यांचे तीन राजे छापून घेते. ११ चा घ्यावा लागला तर गदा आणि पद्म हातांतून काढून बाजूला ठेवावे लागतील. कुणी एवढ्या मापात चेहरे रंगवले असतील तर नाकाची रेघ ठेवली की गाळली, तेवढं जरूर सांगा.