तुम्ही विचारलंत म्हणून: पेप्टाइड तुटतं तरी कुठे?

“आपटून तुकडे करता, मग मूळ साखळी कशी ओळखता?” मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्रात, काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुटलेली काच असते. सुरुवातीला माझ्याही होती.

पण पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, काचेसारखं फुटत नाही. यंत्रातल्या नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूवर आदळत आदळत ते आधी तापतं. तुटायचं कुठे, ते बहुतेक वेळा प्रोटॉन ठरवतो. एरवी तो आर्जिनिन, लायसिन अशा अमिनो आम्लांवर ठाण मांडून असतो. ऊर्जा मिळाली की साखळीवर भटकायला लागतो. दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या एखाद्या अमाइड बंधाच्या नायट्रोजनवर टेकला की तो बंध ढिला पडतो, अलीकडच्या, म्हणजे साखळीच्या सुरुवातीच्या बाजूच्या, अमिनो आम्लाचा ऑक्सिजन वळून येतो, पाच अणूंचं कडं तयार होतं आणि साखळी तुटते. अलीकडचा तुकडा ‘बी’, पलीकडचा ‘वाय’. रोपस्टॉर्फ आणि फोलमन या संशोधकांनी १९८४ मध्ये घालून दिलेली ही नावं. पहिल्या अमिनो आम्लाच्या अलीकडे असा ऑक्सिजनच नसतो, म्हणून त्याचा एकट्याचा ‘बी’ सहसा दिसत नाही.

एक रेणू साधारण एकाच जागी तुटतो, पण यंत्रात एकाच पेप्टाइडचे असंख्य रेणू असतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी. त्यामुळे सगळ्या लांबीचे तुकडे हाती येतात, आणि आलेखात प्रत्येकाच्या वस्तुमानावर एक शिखर उमटतं. लगतच्या दोन ‘वाय’ शिखरांत ५७ चा फरक असेल तर ग्लायसिन, ७१ चा असेल तर ॲलानिन. वाचन ते एवढंच.

खरी मजा शिखरांच्या उंचीत, म्हणजे कोणता तुकडा किती प्रमाणात मिळाला यात, आहे, आणि तिच्याकडे पुरेसं कुणी बघत नाही असं माझं मत. प्रोलिनच्या अगदी अलीकडे साखळी हमखास तुटते; तिथलं शिखर बाकीच्यांना झाकून टाकतं. आर्जिनिनने प्रोटॉन घट्ट धरून ठेवला असेल, तर ॲस्पार्टिक आम्ल स्वतःचाच प्रोटॉन वापरून आपल्या लगेच पुढचा बंध तोडतं.

फसायलाही होतं. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वस्तुमान तंतोतंत सारखं, साध्या टकरीतून ते वेगळे ओळखता येत नाहीत. एकदा तर मी दोन ग्लायसिनच्या जागी बिनदिक्कत ॲस्पॅराजिन लिहिलं होतं. दोन्हीकडे ११४.०४, अणूसुद्धा तेच. यंत्र कितीही अचूक असून काय उपयोग? मधला छेद मला दिसलाच नव्हता. आता ११४ चा फरक आला की मी आधी आलेखातल्या गोंगाटात डोकं घालून मधोमध, ५७ च्या अंतरावरचं शिखर शोधते.