बाळ काचेत आहे, आढीत नाही

इंग्लंडमधल्या नवजात अतिदक्षता विभागांच्या दारावर भेटीच्या वेळांची पाटी असते. ती आजी-आजोबांसाठी, मामा-मावश्यांसाठी. आईबापांना ती लागू नाही, कारण त्यांना इथे ‘भेटायला आलेले’ समजतच नाहीत. रात्री तीनला या, पहाटे पाचला जा. सकाळी डॉक्टरांची फेरी आली की कित्येक ठिकाणी बाळाचा कालचा हिशेब आई किंवा बाप स्वतः वाचून दाखवतात: दूध किती गेलं, किती उलटलं, श्वास कितीदा थांबला, छातीवर किती तास होतं. मग नर्स बोलते. डॉक्टर शेवटी.

आपल्याकडे मात्र वेळेआधी जन्मलेल्या बाळाबद्दल “बाळाक काचेत ठेवल्यांनी” या एका वाक्यात सगळं आटोपतं. काच म्हणा, पेटी म्हणा, म्हणजे बाळाला उबेत ठेवायचं ते यंत्र. कोकणात पेटी म्हटली की आधी आंबा आठवतो, आणि गोम तिथेच आहे. आंबा गवताच्या आढीत घातला, वर पोतं टाकलं, की आपलं काम संपलं. आठ-दहा दिवसांनी वास आला का ते बघायचं. बाळाबद्दलही घरच्यांची समजूत नकळत तशीच होते. पेटीत घातलंय ना, पिकेल. आपण बाहेर बाकड्यावर बसायचं आणि रोज एकच विचारायचं, “आज किती भरलं?”

या प्रश्नावर जरा जास्तच बोलणार आहे, कारण देवगडहून लंडनला येणारा फोन असो की रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा, सुरुवात तिथूनच होते.

तिसाव्या आठवड्याच्या आधी जन्मलेलं, 1,100 ग्रॅमचं बाळ धरू. पहिल्या आठवड्यात त्याचं वजन 10 ते 15 टक्के उतरतं. म्हणजे 110 ते 165 ग्रॅम. ते अंगातलं जास्तीचं पाणी असतं आणि ते जायलाच हवं. जन्माचं वजन पुन्हा गाठायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर अपेक्षा असते किलोमागे रोज 15 ते 20 ग्रॅमची, म्हणजे या बाळाला 16 ते 22 ग्रॅम. आता त्याच्या दुधाचा हिशेब करा. पूर्ण दूध सुरू झाल्यावर किलोमागे दिवसाला 150 मिली धरलं तर 165 मिली होतं, दर दोन तासांनी 14 मिली. काल दूध पाजून वजन केलं आणि आज पाजायच्या आधी केलं, तर जवळजवळ अख्ख्या दिवसाची वाढ काट्यावरून गायब. शिवाय हाताची सुई, ती हलू नये म्हणून बांधलेली पट्टी, चिकटपट्ट्या, राहून गेलेली टोपी, ओलं लंगोट. त्यात कित्येक काटे पाच-दहा ग्रॅमच्या टप्प्यानेच आकडा दाखवतात. अशा आकड्यावर घरात चूल पेटायची की नाही ते ठरवू नये.

उलटही होतं. एका रात्रीत 60 ग्रॅम वाढले म्हणून इकडे पेढे वाटले जातात, आणि तिकडे नर्स पापण्यांवरची सूज आणि कमी झालेली लघवी बघत असते. ती वाढ मांसाची नसते, अंगात साचलेल्या पाण्याची असते. म्हणून विभागात लंगोट तोलतात: कोरं वजन वजा करून जेवढे ग्रॅम उरतात तेवढे मिली लघवी. तासाला किलोमागे निदान एक मिली तरी हवी. वजन मोजायचं तर रोज त्याच काट्यावर, त्याच वेळी, दुधाआधी, उघड्या अंगाने. आणि बघायचं ते आठवड्याच्या सरासरीकडे. सोबत डोक्याचा घेर, आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर. आलेखाची रेघ वर जात असली की बास.

लोक वजनच का विचारतात तेही उघड आहे. घरी सोडताना आपल्याकडे कित्येक ठिकाणी वजनाची अट असते, आणि घरी ये-जा करायला नर्स नसते तिथे ती वावगीही म्हणता येणार नाही. इथे इंग्लंडात नुसत्या वजनावर अडवत नाहीत. साध्या पाळण्यात अंग गरम राहतं का, दूध नीट जातं का, श्वास थांबणं बंद होऊन ठरलेले दिवस झाले का, एवढं बघतात. काही बाळं तर नाकातली दुधाची नळी घेऊनच घरी जातात, मागोमाग नर्स घरी येते. पावसाळ्यात राजापूरच्या आडवाटेच्या वाडीत ते कसं जमायचं, हा प्रश्न इथल्यांना पडतच नाही. त्यामुळे इथल्या नियमाचं कौतुक मी अर्ध्यावरच थांबवते.

वजनाऐवजी विचारायचं ते असं. काल श्वास कितीदा थांबला, आणि आपोआप सुरू झाला की हात लावावा लागला? वीस सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबणं, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावणं, हे वेळेआधी जन्मलेल्या बाळांत नेहमीचं. मेंदूचा श्वासाचा भाग अजून कच्चा असतो म्हणून, आणि त्यावर कॅफीन देतात. होय, कॉफीतलंच. बहुतेकदा तळपायाला बोट लावलं की गाडी पुन्हा सुरू होते. पण चार दिवस शांत गेलेल्या बाळाचे श्वास एकदम वारंवार थांबू लागले तर जंतुसंसर्गाची शंका घेतात. म्हणून आकड्यापेक्षा त्यातला बदल विचारा. दुसरं, दूध पचतंय का. पोट फुगणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, यांतलं काहीही दिसलं तर दूध थांबवून आतड्याची तपासणी होते. तेव्हा “पोराक उपाशी ठेवल्यांनी” म्हणून ओरडायचं नाही.

तिसरं, रक्तातला ऑक्सिजन. पडद्यावर 100 दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बाळ ऑक्सिजनवर असेल तर 100 हा शाबासकीचा आकडा नाही. साधारण 90 ते 95 च्या आत ठेवायचा असतो, कारण जादा ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. ऑक्सिजन बंद असताना 100 आलं तर खुशाल आनंद करा. आणि यंत्र किंचाळलं की आधी बाळाकडे बघा. पायाला गुंडाळलेली, ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची पट्टी पाय झाडला की खोटं बोलते. आपल्या सावळ्या बाळांचा रंग हातापायांवरून कळत नाही. जीभ आणि हिरड्या बघाव्या.

आता काम. पहिलं काम आईचं, आणि ते दुसऱ्या कुणालाच करता येत नाही. प्रसूतीनंतर शक्य तर दोन तासांत, फार तर सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला लागायचं. पहिल्या दिवशी एवढंसं निघतं, चिकट, पिवळं. ते चमच्यात घेऊ नका, एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून घ्या, नाहीतर अर्धं भांड्यालाच लागून राहतं. बाळ अजून पोटात दूध घेत नसलं तरी त्याचे दोन-दोन थेंब गालाच्या आत लावतात. मग चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, आणि त्यातली एक रात्रीची. “बाळंतिणीला झोपू दे” म्हणून सासूबाई नेमकी तीच चुकवतात, आणि दूध वाढवणारा स्राव रात्रीच जोरात असतो. पेज, अळीव, डिंकाचे लाडू चालू द्या. पण दूध काढल्याने वाढतं, लाडवांनी नाही.

कोकणातली खरी अडचण पुढची आहे. सिझेरियन झालेली आई कणकवलीत आणि बाळ गोव्यात बांबोळीला किंवा घाटावर कोल्हापूरला. मध्ये तीन-चार तासांचा रस्ता. काढलेलं दूध बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये. फ्रिजमध्ये 24 तास, तेही आतल्या कप्प्यात, दारात नाही. नेताना थर्माकोलची पेटी आणि गोठवलेले आइसपॅक. पेटी कोरी घ्या, मासळीची धुतलेली नको. सुटा बर्फ टाळा, वितळलेलं पाणी झाकणातून आत शिरतं. बाटल्या विभागाकडूनच मागून घ्या, प्रत्येकीवर आईचं नाव, तारीख, वेळ. आधी काढलेलं आधी वापरायचं. तापवायचं नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरायची.

इथे लोक आयांनी दान केलेल्या दुधाच्या बँकेविषयी मोठ्या कौतुकाने सांगतात. ऐकून घ्यावं आणि मग हळूच सांगावं, आशियातली पहिली मानवी दूध बँक मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

दुसरं काम छातीचं, म्हणजे ‘कांगारू’ पद्धतीचं. बाळाला नुसतं लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला, हनुवटी छातीत रुतू न देता किंचित वर. वरून ओढणी किंवा लुगड्याची घट्ट पट्टी, कानाच्या खालपर्यंत. आपण थोडं मागे टेकून बसायचं, सपाट झोपायचं नाही. एकदा घेतलं की निदान तासभर काढायचं नाही, कारण उचलाउचलीनेच बाळ दमतं. हे कोलंबियातल्या बोगोटाला 1978 मध्ये पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालं. आणि एक ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना बाळ स्थिर होण्याची वाट न बघता लगेच छातीवर घेतलं तर मृत्यू कमी होतात, हे 2021 मध्ये ज्या पाच देशांच्या अभ्यासातून पुढे आलं त्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं, इंग्लंड नव्हतं. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 8 ते 24 तास सांगते. बापांनी लाजू नये. पंचा नेसून उघड्या अंगाने बागेत हिंडणाऱ्या माणसाला शर्टाची दोन बटणं काढायला कसली लाज?

मग आईबाप बाहेर का? “इन्फेक्शन होतं” हे ठरलेलं उत्तर. इन्फेक्शन होतं ते न धुतलेल्या हातांनी, मग ते हात कुणाचेही असोत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा धागा काढून कोपरापर्यंत साबणाने धुवायचं, नखं कापलेली, सर्दी असेल तर घरी. आपल्या केंद्र सरकारने 2017 मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आईबापांना आत घेऊन शिकवावं आणि बाळाची कामं करू द्यावी अशा. म्हणजे मागणी नवीन नाही. भांडण न करता विचारा, “आमचं हात धुण्याचं आणि कांगारूचं शिकवणं कधी आहे?” परवानगी मागण्यापेक्षा तारीख मागावी.

परिचारिकांवर मात्र आवाज चढवू नका. इथे अतिदक्षतेतल्या एका बाळामागे एक नर्स असा दंडक आहे, आणि इथेही तो प्रत्येक पाळीला पाळला जात नाही. तिकडे एका नर्सकडे किती बाळं असतात ते तुम्ही आतून बघाल तेव्हा कळेल. म्हणूनच आईचे दोन हात तिला हवेतच.

रजेच्या बाबतीत इथलं पारडं अलीकडे जड झालंय. 6 एप्रिल 2025 पासून ब्रिटनमध्ये, जन्मानंतरच्या 28 दिवसांत बाळ सलग 7 दिवस दवाखान्यात राहिलं तर नोकरदार आईबाप दोघांनाही 12 आठवड्यांपर्यंत जास्तीची रजा मिळते. आपल्याकडे आईला 26 आठवड्यांची रजा असते खरी, पण तिचे दिवस पेटीबाहेर बसूनच संपतात. आणि ट्रॉलरवर जाणाऱ्या बापाला रजा देणार कोण?

एक तारीख मात्र आजच कॅलेंडरवर गोल करा: जन्मापासून तिसावा दिवस. त्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी व्हायलाच हवी. गरोदरपणाच्या 28 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 1,200 ग्रॅमहून कमी बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. इंग्लंडात 31 आठवड्यांच्या आतली किंवा 1,501 ग्रॅमहून हलकी बाळंच तपासतात. ते वाचून “आमचं तर 1,800 ग्रॅमचं आहे, गरज नाही” असं ठरवू नका. भारतात मर्यादा 34 आठवडे आणि दोन किलोची आहे, कारण आपल्याकडे मोठ्या बाळांनाही पडद्याचा आजार होतो. डोळे वरून स्वच्छ दिसतात, बाळ दिव्याकडे बघतं, तरी आत बिघडलेलं असू शकतं. लेसर किंवा इंजेक्शन लागलंच तर दोन-तीन दिवसांत करावं लागतं. गणपती आहेत, गाडीचं रिझर्व्हेशन मिळेना, या सबबी डोळ्यांना कळत नाहीत. बाळाला तिसाव्या दिवसाआधीच घरी सोडलं असेल तर ही तारीख हमखास हुकते; कागद पिशवीत राहतो. जाताना श्रवणचाचणीचंही विचारा.

वय दोन तऱ्हांनी मोजायचं. दहा आठवडे आधी आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं की मान धरणं, हसणं अडीच महिन्यांच्या मानाने बघायचं; शेजारच्या वाडीतल्या बंड्याशी तुलना नको. लशी मात्र जन्मतारखेपासून.

घरी आल्यावर ओव्याची, वावडिंगाची धुरी बंद. न्हाणीघरात चुलीचा धूर कोंडतो, त्या धुरात या फुप्फुसांना न्यायचं नाही. घुटी नाही, मध नाही, नाकात-कानात तेल नाही. बोंडलं चालेल, उकळून घेतलेलं असेल तर. बाळाला बसतं धरून, थेंब ओठाच्या कोपऱ्यात सोडायचे, घशात ओतायचे नाहीत. बारसं थोडं पुढे गेलं तर देव रागावत नाही.

आणि जुलैच्या रात्री वीज गेली, हवा गार पडली, कपडे वाळत नाहीत, तर शेगडी शोधू नका. पोट गरम आणि तळपाय गार लागले की बाळाला थंडी वाजतेय असं समजा, आणि ज्याची पाळी असेल त्याने शर्ट काढून त्याला छातीवर घ्या.