डिव्हिनिटीचा पाचवा घाणा: चार स्वाद, एक चकाकी

शनिवारी ह्यूस्टनला उत्तरेचा गार वारा सुटला, आर्द्रता चाळिशीत आली आणि मी ताबडतोब डिव्हिनिटीसाठी अंडी फ्रिजबाहेर काढली. डिव्हिनिटी म्हणजे अंड्याच्या फेसात साखरेचा गरम पाक फेटून केलेली अमेरिकन वडी. असा कोरडा दिवस इथे रोज मिळत नाही. साखर हवेतलं पाणी ओढते. नोव्हेंबरात पावसाच्या दिवशी केलेला पहिला घाणा दुसऱ्या दिवशीही बोटांना चिकटत होता. शेजारच्या आजी अलाबामात वाढल्या. नाताळात डिव्हिनिटी करायची तर त्या आधी आभाळ बघतात, मग साखर मोजतात.

मूळ प्रमाण आता पक्कं झालंय: अडीच कप साखर, अर्धा कप कॉर्न सिरप, अर्धा कप पाणी, चिमूटभर मीठ, दोन अंड्यांचा पांढरा भाग, चमचाभर व्हॅनिला आणि कपभर भाजलेले पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा). कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला साखरेचा पाक) वगळून चालत नाही, त्याच्यामुळेच पाक साखरत नाही. पाक २६० अंश फॅरनहाइटला उतरवते. आपल्या भाषेत हा कडक गोळीबंद पाक: पाण्यात टाकला की गोळी घट्ट होते, पण दाबली तर थोडी दबते. दुसऱ्या घाण्याला मी २५० वर थांबले आणि वड्या चपट्या बसल्या.

पाक बारीक धारेने अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या फेसात सोडायचा, फेटायचा मिक्सर चालूच. त्यानंतरची पाच-सहा मिनिटं मिक्सरपासून हलायचं नाही. मिश्रण आधी सॅटिनसारखं चमकतं, मग एकदम चकाकी जाते. चमचाभर बटर पेपरवर टाकून बघायचं. पसरलं तर अर्धा मिनिट आणखी फेटायचं, टोक उभं राहिलं तर पेकान घालून भराभर चमचे सोडायचे. उशीर झाला तर मिश्रण भांड्यातच चुरा होतं. अशा वेळी उकळत्या पाण्याचे काही थेंब घातले की सावरतं.

आता स्वाद. गेल्या आठवड्यात सीफोम, म्हणजे ब्राउन शुगर वापरून डिव्हिनिटी केली. हिला काकवीचा वास येतो, आणि माझ्या मते पेकानची खरी जोडी हिच्याशीच. मात्र ही जरा मऊ राहते. स्ट्रॉबेरी जेलीची पूड फेसात मिसळली तर रंग सुरेख गुलाबी येतो, पण पूड आंबटगोड असल्याने व्हॅनिला निम्मा केला. साखरेतल्या चेरी नीट टिपून घातल्या, तरी वड्यांना ओल सुटली.

शनिवारचा घाणा वेलची-केशराचा. आधीच्या खेपेला सवयीने केशर दुधात खललं होतं आणि फेस बसला. दुधातली स्निग्धता आणि पाणी, दोन्ही नडले. पिवळ्या बलकाचा थेंबही चालत नाही तिथे दूध कुठून चालणार! या वेळी केशर कोरडं शेकून चिमूटभर साखरेबरोबर कुटलं, वेलची वस्त्रगाळ केली, पेकानऐवजी पिस्ते घातले आणि हे सगळं चकाकी जाताजाता मिसळलं. अठ्ठावीस वड्या झाल्या. बाहेरून कोरड्या, आत पिठीसाखरेसारख्या विरघळणाऱ्या. आजींनी दोन खाल्ल्या आणि केशर किती घातलं ते विचारून घेतलं.

डबा घट्ट लावून, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवलाय. पुढचा कोरडा दिवस पेपरमिंटचा. पेपरमिंटचं तेल वापरायचं हे नक्की, दोन थेंब की तीन तेवढं ठरायचंय. कुणी केली असेल तर सांगा.