तुम्ही विचारलंत म्हणून : दिवसभर बिअर पिऊन कामं व्हायची कशी?

यंत्रं येण्याआधीच्या इंग्लंडात कारागीर सकाळपासून बिअर प्यायचे, मग कामं कशी व्हायची, असं बरेच जण विचारतात. ‘पाणी घाण होतं म्हणून ना?’ हे त्याला जोडूनच येतं.

पाण्याचं कारण फार ताणलं गेलंय. लंडनला चीपसाइडच्या हौदात तेराव्या शतकापासून झऱ्यांचं पाणी नळाने येत होतं आणि लोक ते पीत होते. बिअर हवी असायची ती पोटाला आधार म्हणून.

शिवाय बिअर-बिअरमध्ये फरक. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात भिजवत. तापमापी नव्हता, म्हणून उकळलेलं पाणी थोडं निवू देत. वाफ विरून त्यात आपला चेहरा दिसला की ओतायचं. घाई केली तर भरड्याची खळ होते आणि पिठाची साखर होतच नाही. पहिला रस कडक बिअरसाठी, म्हणजे ‘एल’साठी. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून निघते ती ‘स्मॉल बिअर’, वापरलेली चहापत्ती परत उकळावी तशी. ती पोरंसोरंही पीत. मद्यार्क कमी, त्यामुळे लवकर आंबे. थोडी थोडी आणि वारंवार करावी लागे.

छापखान्यातली मात्र कडक. पुढे अमेरिकेचा मोठा नेता झालेला बेंजामिन फ्रँकलिन १७२५च्या सुमारास लंडनला वॉट्सच्या छापखान्यात होता. आत्मचरित्रात त्याने शेजारच्या गड्याचा हिशेबच दिलाय : न्याहारीआधी १ पाइंट, न्याहारीसोबत १, जेवणाआधी १, जेवताना १, संध्याकाळी सहाला १, काम उरकल्यावर १. म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर! गुत्त्यावरचा पोऱ्या दिवसभर छापखान्यातच. शनिवारी मजुरीतले ४-५ शिलिंग त्यातच जात. अंगमेहनतीला कडक बिअरच लागते, ही त्यांची ठाम समजूत. पाणी पिणारा फ्रँकलिन जिन्यावरून दोन हातांत दोन फर्मे (जुळवलेल्या अक्षरांच्या जड चौकटी) नेई, बाकीचे दोन्ही हातांनी एक. तरी त्या शेजारच्या गड्याची समजूत काही बदलली नाही.

कारण प्रश्न ताकदीचा नव्हताच. फ्रँकलिन खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवणाऱ्यांच्या खोलीत गेला तेव्हा तिथल्यांनी दारूसाठी ५ शिलिंग मागितले. खाली छपाईच्या खोलीत एकदा दिलेत म्हणून तो अडला, तर त्याचे खिळे मिसळले जाऊ लागले, पानं उलटसुलट होऊ लागली, आणि नाव छापखान्यातल्या भुताचं! दोन-तीन आठवड्यांत त्याने मुकाट पैसे भरले. ती वर्गणी होती. न भरणारा परका.

मग कामं व्हायची कशी? झटक्याझटक्याने. मजुरी नगावर, हिशेब शनिवारी, त्यामुळे सोमवारी बिनदिक्कत दांडी. तिला गमतीने ‘सेंट मंडे’ म्हणत, जणू संताचा सणच. बुडालेला दिवस गुरुवार-शुक्रवारी रात्री जागून भरून काढायचा. फ्रँकलिन सोमवारी हजर असे, म्हणून मालक खूश; आणि खिळे झटपट जुळवी, म्हणून घाईची, जास्त पैशांची कामं त्याला मिळत. कारखान्यातल्या वाफेच्या इंजिनाला ही चाल परवडेना. एक माणूस नसला तरी कोळसा तेवढाच जळतो.

तरी मजुरी गुत्त्यात वाटण्यावर बंदी यायला १८८३ उजाडलं, आणि शेतमजुराच्या मजुरीचा भाग म्हणून सायडर (सफरचंदाची दारू) देणं कायद्याने थांबलं ते १८८७मध्ये.